‘छान रडलीस’

ताई, नमस्कार.

मी वीस वर्षांची आहे, फेब्रुवारीत एकवीस पूर्ण होतील. डोंबिवलीत राहते, टी. वाय. बी.एस्सी.ला आहे. 2012 मध्ये, सात वर्षांची असताना मी मालिकेत काम करायला लागले आणि 2019 पर्यंत करत होते. दोन मालिका आणि बऱ्याच जाहिराती. अजूनही लोकलमध्ये कुणीतरी मालिकेतल्या नावाने हाक मारतं.

आईने माझ्यासाठी नोकरी सोडली. सेटवर ती कायम बरोबर असायची. पैसे, कॉल टाइम, खाणं, केस, सगळं तीच बघायची. आजही बघते. माझं इन्स्टाग्राम ती चालवते, बँकेतला मोबाइल नंबर तिचा आहे, सकाळी वजनकाट्यावर उभं राहिल्याशिवाय नाश्ता मिळत नाही. 2015 मध्ये माझ्या नावावर एक वन बीएचके घेतला होता, असं बाबा एकदा बोलून गेले. तो 2018 मध्ये विकून आत्ताचं घर घेतलं, ते आईबाबांच्या नावावर आहे. दादाच्या इंजिनिअरिंगची फीही माझ्या पैशातून गेली. त्याचं मला काही नाही. पण मी एकूण किती कमावलं, असं विचारलं तर आई म्हणाली, ‘आईकडे हिशेब मागतेस?’ आणि दोन दिवस जेवली नाही.

मला पुण्याला जाऊन भूविज्ञानात एम.एस्सी. करायचं आहे. आईने एका वेब सिरीजचं जवळजवळ पक्कं करून टाकलंय. नाही म्हटलं की म्हणते, ‘मी काहीतरी करून घेईन.’

अजून एक. मागच्या वर्षी आजी गेली. मला ग्लिसरीनशिवाय अर्ध्या मिनिटात रडता येतं, सेटवर त्याचं फार कौतुक व्हायचं. आजीला नेताना मला रडू आलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी नकळत उजेडाकडे तोंड केलंय. रात्री आई म्हणाली, ‘छान रडलीस.’ तेव्हापासून मला रडूच येत नाही. मी कृतघ्न आहे का?

(नाव छापू नका. मालिकेतलंही नको.)

---

मुली,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर होतं. पहिल्या दिवशी मला तुझ्या आईचा राग आला, दुसऱ्या दिवशी वडिलांचा. तिसऱ्या दिवशी मी शांतपणे तुझा शेवटचा प्रश्न पुन्हा वाचला आणि वाटलं, हा प्रश्नच चुकीच्या माणसाला पडलाय.

आपल्या घरांत कमावत्या माणसाचा एक थाट असतो. तो दमून आला की टीव्हीचा आवाज कमी होतो. तव्यावरची पोळी आधी त्याच्या पानात पडते. पैशाचं काय केलं, हे विचारायचा हक्क त्याचा असतो. आईने नोकरी सोडल्यापासून तुमच्या घरातली एक मोठी कमाई तुझी होती. दादाची फी, घराचे हप्ते, त्यात तू होतीस. फक्त तू गणवेशात होतीस, तुझे दुधाचे दात पडत होते, म्हणून तो थाट तुझ्या वाट्याला आला नाही. तुझ्या वाट्याला वजनकाटा आला. आणि आता ज्या घराला तू हातभार लावलास, त्याच घरात उभी राहून तू विचारते आहेस, की मी उपकार विसरले का.

कुणाचे उपकार, ते आधी ठरवू या.

घर सावरणाऱ्या पोरांच्या गोष्टी आपल्याला भारी आवडतात. मास्टर दीनानाथ गेले ते एप्रिल 1942 मध्ये. लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती, पाच भावंडांत थोरली. त्याच वर्षी ती ‘पहिली मंगळागौर’मध्ये पडद्यावर दिसली. ही हकीकत आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण आपल्याला अभिनय कधीच आवडला नाही, तो मेकअप आणि ते दिवे नकोसे व्हायचे, हे त्या स्वतः पुढे अनेकदा बोलल्या. ती ओळ मात्र आपण गाळतो, कारण तिने गोष्टीची गोडी बिघडते. तिथे निदान मागे ढकलणारं कुणी नव्हतं, परिस्थितीच तशी होती. मधुबालाच्या घरी मात्र वडील होते. ती नऊ वर्षांची असताना ‘बेबी मुमताज’ म्हणून कॅमेऱ्यासमोर आली आणि त्या मोठ्या कुटुंबाची मिळवती झाली. कुठला चित्रपट, किती पैसे, कुठे जायचं, सगळं अताउल्ला खान ठरवत. ती चोविशीची झाली तरी भोपाळच्या बाह्यचित्रीकरणाला तिला जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ‘नया दौर’चं प्रकरण कोर्टात गेलं. भूमिका वैजयंतीमालाला मिळाली. चोविशीची बाई आणि देशभर नाव! तरी कुठल्या गावाला जायचं, ते बाबा सांगणार. तेव्हा पुण्याला जायचं म्हटल्यावर तुझ्या घरात वादळ उठलं, यात तू एकटी नाहीस.

आता तुझ्या आईबद्दल. तिला खलनायिका करणं मला सोपं आहे, पण ते खरं ठरणार नाही. चित्रनगरीत किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या बंगल्यात शूटिंग असलं की बाहेर आयांची एक रांग असते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मांडीवर डबा, पिशवीत गृहपाठाची वही, टोपी, स्वेटर आणि ओडोमॉस. त्या रांगेत बसलेल्या बाईला कुणी नावाने ओळखत नाही. ती ‘अमकीची आई’. सात वर्षं हाच तिचा हुद्दा होता. पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, त्यासाठी ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरला, फोन करणं, को-ऑर्डिनेटरशी भांडणं, कंटिन्युटीसाठी तुझ्या वेण्यांचा फोटो जपून ठेवणं, हे सगळं ती करत होती आणि चांगलं करत असणार. मग तू चौदाची झालीस. मूल म्हणून मोठी आणि नायिका म्हणून लहान. फोन यायचे थांबले. काम तुझं थांबलं, पण बेकार ती झाली. तू कॉलेजात गेलीस, तिला जायला कुठेच जागा नव्हती. आजही ती रोज सकाळी वजनकाटा काढते ना, ती कामावर हजर होते.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तू सहन करावंस म्हणून नाही. वीस वर्षांच्या मुलीचं वजन रोज मोजून मग तिला पोहे द्यायचे, हे प्रेमापोटी असलं तरी थांबायला हवं. पाळी अनियमित असेल, चक्कर येत असेल, तर या आठवड्यात एकटी डॉक्टरांकडे जा.

वडिलांविषयी तुझ्या पत्रात एकच क्रियापद आहे: ‘बोलून गेले’. फ्लॅटचं ते बोलून गेले. म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे. ‘तुझ्या आईचं क्षेत्र आहे बाई ते’ म्हणत पेपर उघडणारे बाबा मी पुष्कळ पाहिलेत. आणि पेपर उघडण्याची सोय फक्त बाबांनाच असते असंही नाही. मी एका शाळेत बरीच वर्षं समुपदेशक होते. सहावीत एक मुलगा होता, तुझ्यासारखाच मालिकेत काम करणारा. त्याची आई फार गोड बोलायची. त्याची हजेरी भरत नव्हती, तर मी मुख्याध्यापकांकडे शिफारस लिहून दिली, की मुलाच्या कलेला उत्तेजन द्यावं. हे सगळं तो मुलगा समोर बसलेला असताना झालं. मी त्याला काहीच विचारलं नाही. निघताना तो हळूच म्हणाला, ‘मॅडम, आजारी मुलांच्या खोलीत थोडा वेळ झोपू का?’ मी हो म्हटलं आणि मला वाटलं, मी किती चांगली आहे.

आता कामाचं बोलू. तू हिशेब मागितलास, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तो आईकडे मागायची गरजही नाही. तो सरकारकडे आहे. लहान मुलांचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण मुलाने स्वतःच्या अंगच्या कौशल्यावर मिळवलेलं धरत नाहीत. ते मुलाच्याच नावाने मोजायचं असतं. म्हणजे तुझं पॅन तेव्हाच काढलेलं असायला हवं. निर्माता पैसे देताना टीडीएस कापतो आणि त्याची नोंद फॉर्म 26एएस मध्ये राहते. आयकर खात्याच्या पोर्टलवर 2008-09 पासूनचे हे फॉर्म बघता येतात. एक दुपार लायब्ररीत बस आणि 2012 पासूनचं एकेक वर्ष उघड. पोर्टलवर आईचा नंबर असेल तर आधी तो बदलावा लागेल. अठरा पूर्ण झाल्यावर पॅनवर स्वतःचा फोटो आणि सही टाकून घ्यायची असते, तेही बहुधा राहिलंय. एक सांगून ठेवते: आकडे बघून आनंद होणार नाही. जवळची मैत्रीण बरोबर ने. आणि तिथे काहीच दिसलं नाही, तर पैसे दुसऱ्या कुणाच्या पॅनवर गेले असं समजायचं. तेही एक उत्तरच आहे.

जून 2017 पासून आपल्याकडे नियम आहे. चौदा वर्षांखालच्या कलाकाराच्या कमाईतला किमान 20 टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा, आणि तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळायचा. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध, संमतीशिवाय काहीच नाही, असंही त्यात आहे. (वाचताना तू हसली असशील. मीही हसले होते.) जून 2017 ते तुझा चौदावा वाढदिवस हा काळ जेमतेम पावणेदोन वर्षांचा, पण तेवढ्याची ठेव कुठेतरी असायला हवी. ज्या बँकेत तुझं लहानपणीचं खातं होतं तिथे आधार आणि पॅन घेऊन जा आणि तुझ्या नावावर काय काय आहे ते विचार. अठरा पूर्ण झाल्यावर अज्ञानाच्या खात्यावरचा पालकाचा अधिकार संपतो. नवीन सही, नवीन केवायसी, तुझा स्वतःचा मोबाइल नंबर. हे काम आधी कर.

फ्लॅटचं मात्र घाईचं आहे. मुलाच्या नावावरचं घर किंवा जमीन आईवडिलांना कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हिंदू कुटुंबांसाठी 1956 चा पालकत्वाचा कायदा तसं सांगतो. परवानगी न घेता विक्री झाली असेल तर मुलाला ती सज्ञान झाल्यावर आव्हान देता येते, पण त्याला मुदत तीन वर्षांची आहे. अठरा आणि तीन एकवीस. तुझा फेब्रुवारी. आधी नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून त्या व्यवहाराचा इंडेक्स टू काढ. कुणी घेतलं, कुणी विकलं, कितीला, ते त्यात असतं. तुझ्या नावाखाली ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव दिसेल. तो कागद घेऊन ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दावा लाव असं मी म्हणत नाही. तुला बहुधा लावायचाही नसेल, आणि ज्याने तो फ्लॅट विकत घेतला त्याचा यात काय दोष? पण दार उघडं असताना ‘मला नाही जायचं’ म्हणणं वेगळं आणि बंद झाल्यावर कळणं वेगळं. अमेरिकेत जॅकी कूगन नावाचा मुलगा 1921 मध्ये चार्ली चॅप्लिनबरोबर काम करून जगभर प्रसिद्ध झाला. लाखो डॉलर मिळवले. एकवीस वर्षांचा झाल्यावर त्याला कळलं की त्यातलं त्याचं असं काही नाही. आई आणि सावत्र वडिलांवर त्याने 1938 मध्ये खटला भरला, तोवर बहुतेक उडालं होतं. हाती सव्वा लाखाच्या आसपास डॉलर आले. त्याच्यामुळे 1939 मध्ये कॅलिफोर्नियात मुलांची कमाई राखून ठेवण्याचा कायदा झाला. आपल्याकडचा तो 20 टक्क्यांचा नियमही त्याच जातीचा आहे.

आणखी एक विचारते. अठराव्या वाढदिवसानंतर आईने तुझ्याकडून स्टॅम्प पेपरवर सह्या घेतल्या होत्या का? कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) असेल तर वकिलाला पहिल्यांदा ते दाखव. ते रद्द करता येतं. नसेल, तर वेब सिरीजची काळजी करू नकोस. आईने कितीही पक्कं केलं तरी करारावर सही तुझी लागते, आणि ती तू करायची नाहीस.

मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, जातीचा दाखला असेल तर तो, पासपोर्ट, हे सगळं स्वतःच्या ताब्यात घे. मागून मिळत नसेल तर कपाटातून काढून घे, ती चोरी नाही. इन्स्टाग्रामचं मला विचारशील तर दे सोडून. तिथली मुलगी आईचीच आहे. तुला दगडांचे फोटो टाकायचे असतील तर नवीन खातं उघड.

आईशी बोलशील तेव्हा लांबलचक बोलू नकोस. तुझं बालपण, तिचा त्याग, दादाची फी, या रस्त्याने गेलीस तर ती सहज जिंकेल. भांडण नसलेल्या दिवशी, वडिलांना समोर बसवून एवढंच सांग: ‘आई, मी कुठलंच काम घेणार नाही. कुणाचा फोन आला तर माझा नंबर दे, मी बोलेन. मी पुण्याचा अर्ज भरतेय.’ ती ओरडेल, रडेल. जेवणार नाही. तू जेव.

‘काहीतरी करून घेईन’ हे मात्र मी हलक्यावर घेणार नाही, तूही घेऊ नकोस. अशी धमकी देणाऱ्या माणसाला खरंच मदत लागत असते. पण ती मदत तू वेब सिरीज साइन करणं ही नाही. ते वाक्य पुन्हा कानावर आलं की वडिलांना आणि दादाला त्याच क्षणी सांग. मावशीला, मामाला, जिचं किंवा ज्याचं ती ऐकते त्याला बोलावून घे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याची जबाबदारी वडिलांची. त्यांना पेपर खाली ठेवू दे. एवढी वर्षं तू घराला हातभार लावलास, आता थोडा त्यांनी लावावा. तूही कुणाशी तरी बोल. चार-सहा वेळा बसायला लागेल, एकदा जाऊन भागत नाही.

आता आजी.

माझे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांचा धाकटा भाऊ गेला तेव्हा निधनवार्तेचा मजकूर कुणीतरी घाईत लिहून आणला. वडिलांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढून त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. एक स्वल्पविराम हलवला. मग कागद परत दिला आणि भिंतीला टेकून बसले. तेव्हा मी तुझ्याएवढी होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, हाताला जे येत होतं ते हाताने केलं, आणि बाकीचा माणूस भिंतीला टेकला होता. तू सात वर्षं उजेडाकडे तोंड करून रडलीस, ते तुझं काम होतं, मान वळायची तशी वळली. म्हणून आजीसाठीचं रडू खोटं ठरत नाही. आई म्हणाली ते वाक्य मात्र घरातलं नव्हतं, मॉनिटरमागच्या खुर्चीतलं होतं. ती सवयीने बोलली असेल. तुला ते लागलं, आणि लागणारच. सध्या रडू येत नसेल तर नको येऊ दे. ज्या गोष्टीचे पैसे मिळायचे ती फुकट करायला तुझं अंग थोडे दिवस नकार देतंय, असं समज.

एक मात्र खटकलं. एवढ्या लांब पत्रात आजीबद्दल काहीच नाही. ती कशी होती, काय रांधायची, तुझी मालिका बघायची की त्या वेळी देवळात जायची? पुढच्या पत्रात ते लिही. आणि ती तुला कुठल्या नावाने हाक मारायची तेही. छापणार नाही.